ओट्यावर राहिलेलं पोतं

आमच्या गोदामात पहिल्यांदा मोजणीत एक पोतं कमी आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी नवऱ्यावर संशय घेतला. उगाच कशाला खोटं बोलू? आधी नवऱ्यावर, मग ट्रकवाल्यावर, मग काट्यावर, आणि शेवटी उंदरांवर. उंदीर अख्खं पोतं नेत नाहीत हे मलाही कळतं. पण एकदा मनात शंकेची पाल चुकचुकली की मी सगळी दारं ठोठावून बघते. आमचे हे म्हणतात, "तुला देव जरी भेटला तरी तू आधी ओळखपत्र मागशील." मागीनच. खरा असेल तर दाखवायला काय जातंय त्याचं?

तर आमचं काम असं. हे गावोगाव फिरून धान्य घेतात आणि ट्रक भरून पाठवतात. सोबत माझ्या नावे चिठ्ठी, गव्हाची इतकी पोती, जवाची इतकी. दुपारी ट्रक गोदामाच्या मागच्या ओट्याला लागतो. ओट्यावर काटा आहे आणि काट्याशी माझे सासरे बसतात. मामंजी, वय अठ्ठ्याहत्तर. एकेक पोतं काट्यावर चढतं, मामंजी वजन बघून मान हलवतात, आणि आमचा हमाल ते पाठीवर घेऊन आत थप्पीला लावतो. हमालाला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो इतका हडकुळा आहे की पोत्याखालून नुसते दोन पाय चालताना दिसतात. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं आमच्याकडे आहे, आणि वीस वर्षांत मी त्याच्या तोंडून लागोपाठ दोन वाक्यं ऐकलेली नाहीत. जो बोलत नाही तो काहीतरी लपवतो, असं माझं स्पष्ट मत.

माल उतरला की मामंजी मागचं दार लावतात आणि किती पोती आली ते मला तोंडी सांगतात. कागद नाही, पेन्सिल नाही. सकाळी पुन्हा थप्पीवरून हात फिरवत मोजतात. बावन्न वर्षांत एकदा चुकले नाहीत म्हणे.

मामंजी तरुणपणी हिब्रू शिकले. ते म्हणतात, देवासाठी. सासूबाई म्हणायच्या, घरातली कामं चुकवण्यासाठी. काही असो, जुन्या हिब्रू धर्मग्रंथात जिथे जिथे धान्य येतं ते सगळं त्यांनी एका जाडजूड वहीत उतरवून ठेवलंय. राजाच्या स्वप्नातली सात भरलेली आणि सात वाळकी कणसं, वाऱ्यावर उडून जाणारं भूस, मळणी करणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नये हा नियम. मी चहा घेऊन गेले की वही उघडीच.

"तिथं धान्य म्हणजे नुसती पोट भरायची वस्तू नाही, सूनबाई," ते म्हणायचे. "ती माणसाची परीक्षा आहे. दाणे हातात आल्यावर माणूस काय करतो, एवढंच देव बघतो."

"आणि दाणे मोजायचं काम सुनेवर सोडतो," मी म्हणायची. ते हसायचे.

त्या वहीतले दोन नियम त्यांनी गोदामात आणले होते. पहिला सरव्याचा. कापणीनंतर शेतात सांडलेला सरवा मालकाने वेचायचा नाही, तो गरिबाचा. म्हणून आमच्या ओट्यावर जे दाणे सांडतात ते आम्ही झाडून आत घेत नाही, ज्याला हवे त्याने न्यावेत. दुसरा नियम विसरलेल्या पेंढीचा. शेतात एखादी पेंढी विसरून राहिली तर ती आणायला मागे फिरायचं नाही. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. आमच्याकडे पेंढ्या नाहीत, पोती आहेत. दार लावल्यावर ओट्यावर एखादं पोतं राहिलं तर ते आत घ्यायचं नाही, गरजवंताला द्यायचं. हा नियम मामंजींनी गोदाम काढलं त्या दिवशी केला, आणि तो पाळायची वेळ एकदाही आली नाही. कशी येणार? ते काही विसरतील तर ना!

याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. "बाकीचे सगळे नियम ठरवून पाळता येतात," ते म्हणायचे. "शेताचा कोपरा सोडायचा ठरवला, सोडला. हा एकच असा आहे की ठरवलं की मोडला. मुद्दाम ठेवलेलं पोतं ते दान झालं, विसर नाही. आणि त्यात जुन्या पंडितांनी अजून एक पाचर मारून ठेवलीय. मालक विसरला, पण गड्याच्या लक्षात असलं, तरी ते विसरलेलं धरत नाहीत. सगळ्यांच्याच डोक्यातून जायला हवं."

"मग सोडा नाद," मी म्हटलं. "या घरात मी आहे तोवर काहीही सगळ्यांच्या डोक्यातून जाणार नाही."

हे मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

आणि मग पोती कमी व्हायला लागली. ह्यांच्या चिठ्ठीत जवाची आठ, मामंजींच्या तोंडी सात. पुढच्या आठवड्यात नऊची आठ. गहू कधीच कमी नाही, नेहमी जवच, आणि जव सगळ्यात शेवटी उतरतात. मी मामंजींना काही बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला कशाला ताप? ह्यांना फोनवर आडून आडून विचारलं, तर म्हणाले, "मी स्वतः मोजून चढवलीत. तू आता माझ्यावरही नजर ठेवतेस?" ठेवतेच, पण या खेपेला ते सुटले. ट्रकवाला माझ्या डोळ्यांदेखत गाडी रिकामी करायचा. काटा तपासून घेतला. उरला कोण? पैलवान.

एकदा संशय ठरला की पुरावे आपणहून चालत येतात. पैलवानाच्या विजारीच्या दुमडीत जवाचे दाणे दिसले. आता हमालाच्या विजारीत दाणे नाहीत तर काय मोती सापडणार? पण तेव्हा मला ते पटकन डोळ्यांत भरले. मग एक दिवस तो मागच्या गल्लीत शिवणवालीशी बोलताना दिसला. नवरा गेलेली बाई, दोन मुली, दिवसभर मशीन चालवते. पैलवान, जो माझ्याशी हूं की चूं करत नाही, तो तिथे चांगला पाच मिनिटं उभा! मी मनातल्या मनात त्यांचं लग्नसुद्धा लावून टाकलं.

त्याच सुमारास मी मामंजींना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या वहीत जवाचं काय आहे हो?"

ते खूश झाले. "जव म्हणजे खरं तर जनावरांचा चारा. पण एका जागी देवापुढे मुद्दाम जवाचंच पीठ आणायला सांगितलंय. नवऱ्याला बायकोचा संशय आला आणि साक्षीदार कोणी नसला, तर तो तिला घेऊन येतो आणि सोबत जवाचं पीठ आणतो. त्यात तेल घालायचं नाही, धूप ठेवायचा नाही. नुसतं कोरडं पीठ. संशयाचं धान्य ते. चूक उकरून काढायला आणलेलं."

"आणि बायकोला नवऱ्याचा संशय आला तर?"

"त्याची सोय नाही तिथे."

"वाटलंच मला."

"पण गंमत बघ," मामंजी म्हणाले, "एक धान्य आठवण करून द्यायला आणायचं, आणि एक विसरून सोडून द्यायचं. संशयाचे जव आणि विसरलेली पेंढी. मी कितीदा विचार करतो, देवाला यातलं जास्त कोणतं आवडत असेल?" माझं लक्ष नव्हतं. मी पैलवानाला पकडायची युक्ती शोधत होते.

तीही मला वहीतच मिळाली. मामंजींची आवडती गोष्ट होती, परक्या देशात धान्याच्या कोठारांवर अधिकारी झालेल्या भावाची. तो धान्य मागायला आलेल्या आपल्याच भावांची परीक्षा बघतो, धाकट्याच्या पोत्यात स्वतःचा चांदीचा पेला लपवून. माझ्याकडे चांदीचा पेला कुठला? माझ्या आईने दिलेलं एक पितळी मापटं होतं, एका बाजूला पोचा आलेलं, मी रोज त्याने तांदूळ मोजते. मंगळवारी ट्रक लागला आणि सगळे चहाला गेले, तेव्हा मी आत चढले. अगदी आतल्या कोपऱ्यातलं, शेवटी उतरणारं जवाचं पोतं उसवलं, मापटं आत खोल खुपसलं, दाभणाने पुन्हा शिवलं आणि पोत्याच्या कानाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली. मला मजा येत होती हेही सांगते.

त्या दिवशीही एक पोतं कमी आलं. मी थप्पीतलं प्रत्येक पोतं बघितलं. पांढरी गाठ कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक फाटका पडदा काखेत मारून मी शिवणवालीकडे गेले. एकच खोली. खिडकीशी मशीन, मशीनवर अर्धवट शिवलेला गणवेश, भिंतीशी दोन मुलींची दप्तरं. ती पडद्याची शिवण बघत होती तोवर मी खोली बघून घेतली. चुलीच्या वरच्या फळीवर, दोन डब्यांच्या मध्ये, माझं मापटं. पोचा बरोबर माझ्याकडे वळलेला. "पडदा उद्या नेते," म्हणाले आणि तिथून जी तडक निघाले ती थेट ओट्यावर.

पैलवान एकटाच होता, ओटा झाडत.

"पोती तुम्ही नेता?"

त्याने झाडू थांबवला. माझ्याकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे बघितलं, आत मामंजी होते. "हो," तो म्हणाला.

"शिवणवालीकडे?"

"हो."

"का?"

त्याने झाडू भिंतीला टेकवला.

"वीस वर्षं या घरचं मीठ खाल्लंत, पैलवान. मामंजी तुम्हाला मुलासारखं मानतात. लाज नाही वाटली?" माझा आवाज चढला होता आणि रडूही येत होतं, कारण खरं सांगायचं तर मला तो चोर निघायला नको होता. "निघा. आत्ताच्या आत्ता. आणि मामंजींना तोंड दाखवू नका, त्यांना सहन नाही व्हायचं."

पोती उचलायचा लोखंडी आकडा त्याने काट्याशेजारी ठेवला, नीट, रोज ठेवतो तसा. आणि गेला.

मामंजींना मी सांगितलं, पैलवानाला ताप आलाय. रोजावर दुसरा हमाल बोलावला आणि त्याच्यावर नजर ठेवायला मी स्वतः दाराआड उभी राहिले. गहू गेला, मग जव. ह्यांच्या चिठ्ठीत जवाची सहा. एक गेलं, दोन गेली, पाच गेली. हमाल पाठ सरळ करत उभा राहिला. सहावं पोतं काट्याला टेकून उभं होतं, मामंजींच्या गुडघ्यापासून वीतभर लांब. मामंजी उठले. पोत्याला वळसा घातला, अगदी व्यवस्थित, धक्का लागू नये असा. हमालाला म्हणाले, "झालं बाबा, जा." दार ओढलं, कडी घातली.

"सगळी आली, मामंजी?" मी विचारलं.

"सगळी. जवाची पाच."

माझ्या मनात काय आलं असेल? आधी हेच आलं की म्हातारा सामील आहे! मुद्दाम ठेवतो, पैलवान उचलतो. इतकी मी वाईट आहे. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते बोटांवर पुटपुटत होते, पाच, पाच, आणि एकदम थांबून त्यांनी बंद दाराकडे बघितलं, आपल्याला कोणी हाक मारली की काय अशा नजरेने. मग मान झटकली. "चहा करतेस?" म्हणाले.

चहा दिला आणि मी पैलवानाच्या खोलीवर गेले. तो दारात बसून कांदे चिरत होता. उठायला लागला, मी म्हटलं, "बसा. किती दिवस चाललंय हे?"

त्याला कळलं मी काय बघून आले ते. "चार महिने," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंत?"

त्याने सुरी खाली ठेवली. मग एकेक तुकडा करून सांगितलं त्याने, मध्ये मध्ये कांद्याकडे बघत. पहिल्यांदा त्याने राहिलेलं पोतं गुपचूप थप्पीला लावलं. सकाळी मामंजींनी मोजलं तर एक जास्त! दिवसभर माणूस थप्पीवरून हात फिरवत राहिला, जेवला नाही. दुसऱ्यांदा तसं करायची पैलवानाची हिंमत झाली नाही. आणि पोतं राहिलंय म्हणून सांगायचं तर?

"सांगितलं असतं, तर मालक पुन्हा काट्यावर बसले नसते," तो म्हणाला.

म्हणून त्याने मालकाचाच नियम पाळला. राहिलेलं पोतं विधवेच्या घरी. शिवणवालीला सांगितलं, गोदामाचा नियम आहे, बिनधास्त घ्या. तीही भली बाई, अर्धं गल्लीत वाटायची.

"माझ्या हिशोबाने सतरा झाली," मी म्हटलं.

"आजचं धरून वीस, दोन तुमच्या लक्षात यायच्या आधीची."

एवढ्यातही मला त्या दोन पोत्यांचा राग आला. मग स्वतःचा आला. मी त्याच्यापुढे हात जोडले, तर तो इतका संकोचला की कांदा हातातून पडला. "उद्या या," मी म्हटलं. "आणि ते आजचं पोतं..." "देतो पोचवून," तो म्हणाला.

पुढे काय करायचं हे मी रात्रीत ठरवणार होते. ह्यांना बोलवायचं, डॉक्टर गाठायचा, मामंजींना कसं आणि कोणी सांगायचं. पण सकाळी नऊ वाजताच शिवणवाली दारात हजर. एका हातात माझा पडदा, दुसऱ्या हातात मापटं. मामंजी ओट्यावर बसलेले, पैलवान नुकताच आलेला.

"हे परवाच्या पोत्यात निघालं हो," ती म्हणाली. "पैलवानांना विचारीन म्हणत होते कोणाचं आहे. तुमच्याच घरचं असणार."

मी डोळ्यांनी तिला गप्प बसवायला बघत होते, पण बाई साधी, तिच्या डोक्यात काही येईना.

"कुठलं पोतं?" मामंजींनी विचारलं.

"ते नाही का, ओट्यावर राहिलं होतं ते."

मामंजींनी काट्याकडे बघितलं, मग काट्याशेजारच्या रिकाम्या फरशीकडे. त्यांचा चेहरा आधी घाबरला. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यासमोर कोसळतो. मग तो चेहरा हळूहळू बदलायला लागला.

"मी ठेवलं नव्हतं," ते म्हणाले. "मुद्दाम नाही ठेवलं. म्हणजे मी... विसरलो?" आणि लगेच, घाईने, पैलवानाकडे वळून, "खरं सांग हं. तुझ्या लक्षात होतं?"

पैलवानाने माझ्याकडे बघितलं नाही. "नाही, मालक," तो म्हणाला. "माझ्याही डोक्यातून साफ गेलं." वीस वर्षांत लागोपाठ दोन वाक्यं, आणि दोन्ही खोटी.

मामंजी माझ्याकडे वळले. हातात मापटं घेतलं, पोच्यावरून अंगठा फिरवला. "हे तुझं आहे, सूनबाई. हे पोत्यात कसं गेलं? तू तर कधी काही विसरत नाहीस."

त्या मापट्याने मी एका माणसाला चोर ठरवलं होतं. आता तेच माझ्या तोंडासमोर धरलेलं.

"नमुन्याला जव काढत होते," मी म्हटलं. "मापटं पोत्यातच विसरले. आणि पोतंही विसरले, मामंजी."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

मामंजी हसायला लागले. गुडघ्यावर थाप मारून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बावन्न वर्षं! बावन्न वर्षं वाट बघितली ग! आणि मला कळलंसुद्धा नाही! कळलं नाही तेच तर खरं!" शिवणवालीला त्यांनी हात जोडले, जणू तिनेच त्यांना पोतं दिलं होतं. पैलवानाला वही आणायला पिटाळलं. वही मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढलं, आणि तिथेच थांबले.

हसू उतरलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, मान थोडी तिरकी करून, डोळे बारीक करून. ती नजर मला नवी नाही, मी ती रोज आरशात बघते.

"सूनबाई," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "किती राहिली अशी?"

वीस. त्यातली अठरा तर तारखांसकट पाठ होती मला.

"एकच, मामंजी," मी म्हटलं.

मग त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं, एक. दुपारी ट्रक लागला तेव्हा मी काट्याशी त्यांच्या शेजारी स्टूल टाकलं, आणि त्यांनी मला, का बसलीस म्हणून विचारलं नाही.